कडक सराव : थायलंडचा, हॉलंडचा आणि आपल्या तालमीचा

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. अकराव्या वर्षापासून पाच-सहा वर्षे तो आमच्या पेठेतल्या तालमीत जात होता. आता दोन वर्षे किकबॉक्सिंगच्या क्लासला जातो. या उन्हाळ्यात तो मित्रांबरोबर तीन आठवडे थायलंडला सरावासाठी जाऊन आला आणि तेव्हापासून घरात वाद सुरू आहे. त्याचे म्हणणे असे, की तिथले नावाजलेले लढवय्ये सरावात एकमेकांना हसतखेळत, हळू मारतात आणि आमच्या क्लासमध्ये मात्र दर शनिवारी पूर्ण ताकदीने मारामारी होते. क्लासचे सर म्हणतात, ‘तिथे पर्यटकांना तसेच खेळवतात, खरे पाहायचे तर हॉलंडवाल्यांचे स्पारिंग (जोडीदाराशी सरावातली झुंज) पाहा.’ माझे वडील जुने पैलवान आहेत. ते म्हणतात, ‘अंग मोडल्याशिवाय अंग बनत नाही.’ गेल्या दोन महिन्यांत दोन शनिवारी मुलगा घरी येऊन डोके धरून बसला, एकदा उलटीही झाली. कोणाचे खरे मानावे?
— एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या पत्रात सर्वांत शेवटी आलेली गोष्ट सर्वांत आधी यायला हवी होती, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो. डोक्याला मार बसल्यानंतर डोके दुखणे, मळमळणे, उलटी होणे, उजेड सहन न होणे, नुकतेच घडलेले नीट न आठवणे किंवा माणूस एकाएकी चिडका होणे, ही मेंदूला धक्का बसल्याची लक्षणे आहेत आणि त्यासाठी बेशुद्ध पडावेच लागते असे नाही. तुमच्या मुलाच्या बाबतीत हे दोनदा घडले आहे. तेव्हा याच आठवड्यात त्याला सीपीआर रुग्णालयात किंवा तुमच्या माहितीतल्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे दाखवा, दोन्ही शनिवारांची हकीकत त्यांना सविस्तर सांगा आणि त्यांनी परवानगी देईपर्यंत डोक्याला मार लागू शकेल असा सराव पूर्ण बंद ठेवा. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरण्याआधी दुसरा धक्का बसला, तर विशेषतः कोवळ्या वयात ते जिवावर बेतू शकते. डोकेदुखी वाढतच गेली, उलट्या थांबेनात, मुलगा झोपेतून नीट जागा होईना किंवा हातापायांतली शक्ती गेल्यासारखे वाटले, तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा. एवढ्या भागात देशादेशांचा किंवा मतामतांचा प्रश्नच येत नाही.

आता घरातल्या वादाकडे वळतो. मुलाने जे पाहिले ते खरे आहे, सर जे सांगतात त्यातही तथ्य आहे आणि तुमचे वडील स्वतःच्या अनुभवाचेच बोलत आहेत. अडचण एवढीच, की सराव एक तर कडक असतो किंवा मऊ असतो, असे तिघेही धरून चालले आहेत. जिथे माणसे पोटासाठी किंवा पदकासाठी लढतात, अशा कोणत्याही देशात मऊ सराव असलेला मला ठाऊक नाही. मात्र प्रत्येक ठिकाणी कष्टांची जागा निराळी असते. कुठे ते पळण्यात असतात, कुठे जोडीदाराशी झुंजण्यात, कुठे वजन उतरवण्यात, तर कुठे थोरल्यांच्या धाकात. ते तिथेच का आले, याचे उत्तर त्या देशातल्या लढतींचे वेळापत्रक, लढणाऱ्याची मिळकत आणि त्याच्या विश्रांतीची सोय या तीन गोष्टींत बहुधा सापडते.

थायलंडपासून सुरुवात करू. मुए थाई म्हणजे ठोसे, लाथा, कोपर आणि गुडघे वापरून लढण्याचा तिथला खेळ. व्यावसायिक मुए थाई लढवय्याचा दिवस उजाडण्याआधी आठ-दहा किलोमीटर पळण्याने सुरू होतो आणि असा सराव सकाळी व दुपारनंतर, दिवसातून दोन वेळा चालतो. पळून आल्यावर दोरीवरच्या उड्या आणि मग प्रशिक्षकाने हातांत धरलेल्या जाड गाद्यांवर, म्हणजे पॅडवर, मारण्याचे राउंड. पॅड धरणारा माणूस बहुतेक वेळा स्वतः जुना लढवय्या असतो. पोटाला जाड पट्टा बांधून तो पुढे पुढे सरकत राहतो, शिष्याची लाथ ढिली पडली की लगेच पॅडनेच त्याच्या बरगडीत टोला देतो, दमल्याची सबब ऐकून घेत नाही आणि राउंड संपता संपता दहा-वीस लाथा सलग मारून घेतो. त्यानंतर एकमेकांच्या मानेला विळखा घालून गुडघे मारण्याचा सराव असतो. तो पुष्कळ वेळ चालतो आणि त्यात मान, खांदे व कंबर यांची जी दमछाक होते, ती तुमच्या मुलाला तालमीची आठवण करून देणारी वाटली असेल. हे सगळे झाल्यावर जे स्पारिंग होते, ते मात्र हलके असते. नडगीला गाद्या बांधायच्या, लाथ फक्त टेकवायची, डाव जमला की दोघांनीही हसायचे. मुलाने हा शेवटचा तुकडा पाहिला आणि तो त्याच्या मनात भरला, यात नवल नाही.

तो हलका असण्याचे कारण दयाळूपणा नव्हे. बँकॉकमधल्या १९४५ पासूनच्या राजदमनेर्नसारख्या स्टेडियममध्ये लढणारा माणूस काही आठवड्यांच्या अंतराने खरी लढत लढत असतो, परंपरेने तीन-तीन मिनिटांच्या पाच राउंडची. त्याची मिळकत त्या लढतीत आहे आणि त्याच्यावर लोकांचे पैसेही लागलेले असतात. सरावात नडगी फुटली किंवा भुवई फाटली, तर लढत जाते आणि घरी पाठवायचे पैसेही जातात. पूर्ण ताकदीचा मार त्याला वरचेवर रिंगणात खावा लागतोच, तो सरावात आणखी कशाला खायचा, असा हा रोकडा हिशेब आहे. म्हणून थायलंड मऊ आहे, असा निष्कर्ष मुलाने काढू नये. तिथे ईशान्येकडच्या गरीब घरांतली मुले आठव्या-दहाव्या वर्षी लढायला उभी राहतात. २०१८ मध्ये तेरा वर्षांचा एक मुलगा लढतीत डोक्याला मार बसून मेंदूतल्या रक्तस्रावाने दगावला आणि लहान मुलांच्या लढतींवरून त्या देशात मोठा वाद झाला. सरांचा मुद्दाही पूर्णपणे खोटा नाही, कारण पर्यटकांसाठीच चालणारी शिबिरे वेगळी असतात आणि तीन आठवड्यांच्या पाहुण्याला कोणी व्यावसायिकाच्या मापाने राबवत नाही. पण हलके स्पारिंग ही काही पाहुण्यांसाठी केलेली सोय नव्हे, ती तिथल्या लढवय्यांचीही रीत आहे.

हॉलंडची परंपरा निराळ्या वाटेने आली आणि गंमत अशी, की तिच्याही मुळाशी थायलंडच आहे. १९६४ मध्ये क्योकुशिन कराटेचे तीन जपानी खेळाडू बँकॉकला थाई लढवय्यांशी लढायला गेले. त्यांपैकी दोन जिंकले. तिसरे केन्जी कुरोसाकी हरले आणि त्या पराभवाने अस्वस्थ होऊन त्यांनी पुढे टोकियोत मेजिरो जिम उभारली. तिथे शिकलेल्या यान प्लास यांनी १९७८ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये त्याच नावाची जिम काढली. क्योकुशिनमध्ये चेहऱ्यावर ठोसे वर्ज्य, पण अंगावर हातमोजे न घालता मुठीने पूर्ण ताकदीचा मार चालतो. ती सवय, बॉक्सिंगच्या ठोशांच्या मालिका आणि थाई लाथा यांच्या मिश्रणातून डच किकबॉक्सिंग घडले आणि जोरदार स्पारिंग ही त्याची ओळख बनली. माझ्या समजुतीप्रमाणे याचे एक साधे कारण असे, की तिथल्या लढवय्याला थाई माणसाइतक्या वरचेवर लढती मिळत नाहीत, त्यामुळे लढतीचा अनुभव त्याला सरावातच गोळा करावा लागतो. ही पद्धत यशस्वी ठरली हे मान्यच करावे लागेल, कारण जपानच्या के-वन या किकबॉक्सिंग स्पर्धेचे विजेतेपद डच खेळाडूंनी पुनःपुन्हा पटकावले. तरीही आपल्यापर्यंत त्यातल्या निवडक चित्रफिती पोहोचतात, हे सरांनी लक्षात घ्यावे. तुल्यबळ जोडीदार, सोळा औंसांचे हातमोजे, नडगीच्या जाड गाद्या आणि धोक्याच्या क्षणी थांबवणारा अनुभवी प्रशिक्षक, हे सगळे असताना जे चालते ते दोन वर्षांच्या विद्यार्थ्यांना जसेच्या तसे लावता येत नाही. शिवाय अव्वल दर्जाच्या लढवय्यांमध्येही आता या बाबतीत पुनर्विचार सुरू आहे. यूएफसी या अमेरिकेतल्या मिश्र मार्शल आर्ट्स स्पर्धेचा माजी फेदरवेट विजेता मॅक्स हॉलोवे याने आपण लढतीच्या तयारीत स्पारिंग करणेच सोडले असल्याचे उघडपणे सांगितले आहे.

जपानचे उदाहरण मला इथे सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण एकच विद्या दोन देशांत वेगवेगळ्या रीतीने शिकवली तर काय होते, हे त्यातून स्पष्ट दिसते. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान स्थापून ज्युदो घडवला, तेव्हा धोक्याचे डाव वगळून दोघांनाही सुरक्षितपणे मनसोक्त झुंजता यावे, हाच त्यांचा उद्देश होता. पुढे शाळांच्या क्रीडामंडळांत मात्र थोरल्या विद्यार्थ्यांनी धाकट्यांची रग जिरवण्याची आणि दमलेल्याला मुद्दाम पुनःपुन्हा आपटण्याची प्रथा रुजली. १९८३ नंतरच्या सुमारे तीन दशकांत जपानी शाळांमध्ये ज्युदो करताना शंभराहून अधिक मुलांचा मृत्यू झाला. नागोया विद्यापीठाचे अभ्यासक र्‍यो उचिदा यांनी ही आकडेवारी लोकांसमोर मांडली, तेव्हा त्यातले बहुतेक बळी पहिल्या वर्षातले नवशिके होते आणि मृत्यूचे मुख्य कारण डोक्याची दुखापत होती, हे पुढे आले. बाहेरून टांग मारून पाठीवर पाडण्याच्या डावात नवख्या मुलाला हनुवटी छातीला लावून पडता आले नाही, तर डोके मागून जमिनीवर आदळते; मुद्दा इतका साधा होता. ज्युदो करणारांची नोंदणीकृत संख्या जिथे जपानहूनही मोठी आहे, त्या फ्रान्समध्ये मुलांच्या मृत्यूंची अशी रांग लागलेली नाही. तिथे १९५५ पासून ज्युदो शिकवण्यासाठी सरकारमान्य पदविका बंधनकारक आहे आणि लहान मुलांना सुरुवातीचा बराच काळ पडायला, लोळायला आणि खेळायला शिकवण्यात जातो. हाच फ्रान्स ऑलिंपिकमध्ये जपानला घाम फोडतो, तेव्हा नवशिक्यांना जपल्यामुळे विजेते घडत नाहीत, असे म्हणायला जागा उरत नाही.

जपाननेही पुढे डोळेझाक केली नाही. महिलांच्या राष्ट्रीय संघातल्या पंधरा खेळाडूंनी मारहाणीची व अपमानाची तक्रार केल्यानंतर २०१३ मध्ये मुख्य प्रशिक्षकाला पायउतार व्हावे लागले आणि २०२२ मध्ये तिथल्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली, कारण पालक आणि प्रशिक्षक कोवळ्या मुलांच्या मागे विजयासाठी हात धुऊन लागले होते. अमेरिकेत हा कडकपणा वजनाच्या काट्यावर जाऊन बसला होता: १९९७ च्या अखेरीस जेमतेम महिना-सव्वा महिन्यात महाविद्यालयीन कुस्तीतले तीन तरुण घाम गाळून वजन उतरवताना मरण पावले, तेव्हा तिथले नियम बदलले.

आता तुमच्या वडिलांच्या वाक्याकडे येतो, कारण कोल्हापुरात त्याला मान आहे आणि तो असायलाच हवा. राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबाग मैदान उभे केले आणि पेठापेठांतल्या तालमींना बळ दिले, त्या परंपरेतले ते आहेत. परंतु त्यांच्या काळची तालीम नीट आठवून पाहायला त्यांना सांगा. पहाटे उठून हौदा, म्हणजे मातीचा आखाडा, उकरायचा, जोर-बैठका मारायच्या, लढत, म्हणजे सरावाची कुस्ती, करायची, हे तर झालेच. त्यानंतर मात्र पैलवान आंघोळ करून, थंडाई आणि दूध पिऊन, पोटभर जेवून आडवा व्हायचा आणि दुपारची झोप हा त्याच्या मेहनतीचाच भाग मानला जायचा. तो तालमीतच राहायचा, त्याचा खुराक कोणीतरी सांभाळायचे, जत्रांचा हंगाम संपून पावसाळा लागला की मैदाने थांबायची आणि अंग भरायला वेळ मिळायचा. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली ती तांबडी माती पडणाऱ्याला झेलायची. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी, की कुस्तीत डोक्यावर ठोसा नाही. मान दुखेल, कान मोडतील, गुडघा जाईल, पण दर आठवड्याला मेंदू हादरत नाही. ‘अंग मोडल्याशिवाय’ या शब्दांत स्नायू येतात, हाडे येतात. डोके येत नाही. स्नायू मोडतो आणि विश्रांतीत पुन्हा बळकट होतो, मेंदूचे तसे नसते.

हौद्याच्या कडेला बसलेला वस्ताद काय करायचा, हेही त्यांनाच विचारा. कोणाला कोणाशी लावायचे, हे पोरे ठरवत नसत, तो ठरवायचा. थोरला मल्ल धाकट्याला घ्यायचा तो खेळवण्यासाठी. त्याला पट काढू द्यायचा, ढाक मारायची संधी द्यायची आणि मग प्रतिडाव दाखवायचा. थोरल्याने धाकट्याला उगाच रगडायला सुरुवात केली, की वस्तादाची एक हाक पुरायची. बरोबरीची जोड मात्र जीव तोडून लढायची. हीच रीत थोड्याफार फरकाने थायलंडच्या शिबिरात दिसते आणि फ्रान्सच्या ज्युदोगृहातही दिसते. सगळ्याच तालमींत सगळेच वस्ताद असे होते, असे मी म्हणणार नाही, पण जिथून मोठे मल्ल निघाले तिथे बहुधा हे भान होते.

विश्रांतीचे मोल खाशाबा जाधवांच्या बाबतीतही दिसते. राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी १९४८ मध्ये लंडनला सहावा आला आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्याने कांस्यपदक मिळवले. जपानच्या शोहाची इशीईशी झालेल्या दमवणाऱ्या लढतीनंतर मिळायला हवी होती ती अर्ध्या तासाची उसंत न देता त्यांना पुढच्या लढतीला उभे केले गेले आणि त्यांच्या बाजूने भांडायला भारताचा कोणी अधिकारी तिथे नव्हता, असे आपल्याकडे नेहमी सांगितले जाते. त्यांच्याइतक्या काटक मल्लालाही उसंत लागत होती, एवढे तरी तुमच्या वडिलांना मान्य व्हावे.

हे सगळे समोर ठेवून मुलाच्या आठवड्याकडे पाहिले, तर मला दिसते ते असे. तालमीची सवय म्हणून तो सकाळी जोर-बैठका मारत असेल, थायलंडहून आल्यापासून पळतही असेल, दिवसा कॉलेज करत असेल, संध्याकाळी क्लासला जात असेल आणि शनिवारी हॉलंडच्या नावाने मार खात असेल. तीन देशांचे कष्ट त्याच्या एका अंगावर आले आहेत आणि त्यांपैकी कोणत्याही देशातली झोप व खुराक मात्र त्याच्या वाट्याला आलेला नाही. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर पहिले काम कष्ट मोजण्याचे आहे. त्याने आठवडाभर रोजचे पळणे, बैठका, क्लास, झोप आणि जेवण एका वहीत लिहावे आणि त्यातले काय काढायचे, हे तुम्ही दोघांनी बसून ठरवावे. बैठकांचा आकडा एकदम वाढवण्याच्या पैजाही बंद कराव्यात, कारण अचानक केलेल्या अति मेहनतीने स्नायू विरघळून मूत्रपिंडावर ताण येतो. लघवी चहासारखी गडद झाली, तर ते थेट डॉक्टरकडे जाण्याचे लक्षण आहे.

सरांशी बोलायचे ते क्लास सुटल्यावर, एकांतात आणि तक्रारीच्या सुराशिवाय. जोड्या वजन आणि अनुभव पाहून कोण लावतो? डोक्यावर पूर्ण ताकदीचा मार दर आठवड्याला का लागतो, विशेषतः ज्या मुलांची पुढच्या दोन महिन्यांत एकही लढत ठरलेली नाही त्यांना? एखाद्याला गरगरले, तर त्या दिवशी त्याला बाहेर बसवतात का आणि घरी कळवतात का? सर ‘आम्ही हेडगार्ड वापरतो’ असे म्हणतील. त्यावर नम्रपणे सांगा, की हेडगार्डने कातडी फाटण्यापासून बचाव होतो, मेंदू कवटीत हादरणे थांबत नाही. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेने २०१३ मध्ये पुरुषांच्या वरिष्ठ लढतींतून ते काढूनच टाकले. जोरदार झुंज हवीच असेल, तर ती छाती, पोट आणि मांड्यांपुरती ठेवता येते, पॅडवर ठेवता येते, पकडीत ठेवता येते. पॅड आणि पकड इथे थाई मुले रोज जीव काढतातच, त्यामुळे विद्यार्थी नाजूक होतील ही भीती सरांनी बाळगू नये. एखाद्या शनिवारी वडिलांनाही तिथे घेऊन जा आणि बाकावर बसवा. जोड विजोड असली, तर जुन्या पैलवानाच्या नजरेला ते दहा मिनिटांत कळते आणि सरही त्यांचे ऐकून घेतील. आपल्या गावात अजून तेवढा मान उरला आहे.

सरांनी मोकळेपणाने उत्तरे दिली, तर क्लास बदलण्याची गरज नाही. दोन वर्षे शिकवलेला माणूस सहज सोडू नये. परंतु त्यांनी ‘एवढे झेपत नसेल तर घरी बसवा’ असे सुनावले, तर त्यांचा शब्द खाली पडू देऊ नका. भरलेल्या फीसाठी भांडत बसू नका आणि मुलाने पुन्हा एक शनिवार काढून पाहण्याची परवानगी मागितली, तर ती देऊ नका. डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवेपर्यंत त्याने चालायला जावे आणि त्यानंतर, दुसरा चांगला प्रशिक्षक सापडेपर्यंत, आपल्या जुन्या तालमीत जाऊन लढत न करता हलकी मेहनत करावी. क्लासमधले हातमोजे आणि नडगीच्या गाद्या तेवढ्या आठवणीने घरी आणा, त्या महाग असतात.